घासाघीस वस्तूची करा, मजुरीची नको

परदेशवारीची तयारी आपण जीव ओतून करतो. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, विमा, थर्मल, चिवडा, मेतकूट, पाणी तापवायची किटली. कुठल्या शहरात भारतीय थाळी कुठं मिळते, याची यादी ग्रुपवर महिनाभर आधी फिरत असते. एका गोष्टीची चौकशी मात्र सहसा कुणी करत नाही: जिथं चाललोय तिथं जेवण वाढणाऱ्याला, बॅग उचलणाऱ्याला, बस चालवणाऱ्याला पगार कोण देतं आणि किती देतं. मग बिल टेबलावर आलं की कुरबुर, हुज्जत किंवा नजर चुकवून काढता पाय, यांपैकी काहीतरी होतंच.

टिप आणि घासाघीस या दोन्ही गोष्टी आपण स्वभावावर सोडून दिल्या आहेत. हात सैल असलेला देतो, चिवट असलेला भाव पाडतो. पण या दोन्हींमागे त्या त्या देशातल्या पगाराचं गणित असतं आणि ते पाहुण्यानं शिकून जायचं असतं. सुट्टीला निघणाऱ्यांसाठी म्हणून हे आधीच लिहितो आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करू. मुलगा ह्यूस्टनला असतो. आई-बाबा पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलेले. रविवारी सगळे बाहेर जेवायला जातात, बिल होतं ८० डॉलर. मुलगा खाली १६ डॉलर टिप लिहितो. बाबा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि म्हणतात, ‘अरे, एवढ्यात आपल्याकडे चौघं पोटभर जेवतात! त्याला पगार नाही का?’

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं, की मालकाकडून जवळजवळ नाहीच. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी २.१३ डॉलर दिले तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं समाधान होतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. साधं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तेवढंच. मधली तफावत टिपमधून भरून निघेल असं गृहीत धरलेलं असतं. ती निघाली नाही तर मालकानं भरून द्यावी, असं कायदा सांगतो. पण नोकरी टिकवायची असलेला वेटर मालकाकडे हा हिशोब मागायला किती वेळा जाईल? ह्यूस्टन ज्या टेक्सासमध्ये आहे, तिथं हाच २.१३ चा दर चालतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. टिपची प्रथा मात्र तिथंही तितकीच पक्की आहे.

ही प्रथा मोठ्या मनातून आलेली नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीनं रेल्वेच्या शयनयान डब्यांत पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा ठेवला आणि बाकीचं प्रवाशांवर सोपवलं. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. त्याआधी वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिपवर बंदीही घालून पाहिली, इतरही काही राज्यांनी घातली. पुढं ते सगळे कायदे रद्द झाले. १९६६ मध्ये हॉटेल कामगारांना किमान वेतनाचं संरक्षण मिळालं, पण टिपचे पैसे पगारात धरायची मुभा मालकांना देऊन. १९९६ मध्ये त्यांच्या रोख पगाराची किमान वेतनाशी असलेली गाठही सोडवली गेली. किमान वेतन वाढलं तरी हा आकडा मागेच राहिला.

ही पद्धत अन्यायाची आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. ‘म्हणूनच मी टिप देत नाही, मालकानं पगार द्यावा,’ असं म्हणणारेही भेटतात. पण त्यांच्या या बाणेदारपणाची झळ मालकाला लागत नाही. त्याचे जेवणाचे पैसे त्यांनी चुकते केलेले असतात. झळ लागते ती पाणी भरायला चार वेळा टेबलापाशी आलेल्या मुलीला. बऱ्याच हॉटेलांत वेटरला त्याच्या विक्रीचा ठरावीक हिस्सा ताटं उचलणाऱ्याला आणि बारवाल्याला द्यावा लागतो. तुम्ही काहीच न ठेवता उठलात, तर तो हिस्सा तिच्या इतर टेबलांच्या कमाईतून जातो. म्हणजे तुम्हाला वाढण्यासाठी तिनं पदरचे पैसे मोजले.

तेव्हा टेबलावर बसून जेवलात तर कर वगळून बिलाच्या १५ ते २० टक्के, हे जेवणाच्या किमतीतच धरा. सहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पुष्कळ ठिकाणी १८ टक्क्यांच्या आसपास रक्कम आपोआप बिलात घातलेली असते. बिल नीट वाचा, म्हणजे दोनदा द्यावी लागणार नाही. हॉटेलातली खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज दोन ते पाच डॉलर ठेवा आणि ते रोजच्या रोज ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवलेत तर ते भलत्याच बाईच्या हाती लागतील, कारण पाळ्या बदलतात.

आणि कुठं द्यायची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. काउंटरवरून कॉफी स्वतः उचलून नेताना समोरचा पडदा २५ टक्के विचारतो, तेव्हा भीड बाळगायचं कारण नाही. खुद्द अमेरिकन लोकही त्याला वैतागले आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी सांगितलं, की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपची अपेक्षा केली जाते. तिथं ‘नाही’चं बटण दाबा आणि ते पैसे संध्याकाळच्या वेटरसाठी राखा.

अमेरिकेत शिकलेलं जपानला मात्र नेऊ नका. टोकियोत टेबलावर नोटा ठेवून उठलात तर कर्मचारी त्या परत द्यायला तुमच्यामागे रस्त्यापर्यंत पळत येईल. चांगली सेवा ही तिथं किमतीत आलेली असते. वर पैसे दिले तर समोरचा माणूस अवघडतो. पण इझाकायात, म्हणजे तिथल्या पेय-जेवणाच्या खानावळीत, बसल्याबसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते आणि तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात, त्यावर वाद घालू नका. ती तिथली रीत आहे, बसल्याचा आकार समजा. दुकानातल्या चिठ्ठीवरच्या किमतीवरही घासाघीस नको. टोकियोच्या असाकुसात पंखे आणि चॉपस्टिक विकणाऱ्या आजींना ‘लास्ट प्राइस?’ विचारणं हा त्यांना दिलेला त्रास आहे.

युरोपात प्रत्येक देशाची रीत वेगळी. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात; फार आवडलं तर एक-दोन युरो ठेवा, नाही ठेवलेत तरी कुणी नाव ठेवणार नाही. आणि पाण्याच्या बाटलीवरून रुसायचं कारण नाही, नळाच्या पाण्याची सुरई मागा, फुकट मिळते. इटलीत ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक ते तीन युरो लागतात, ते मेनूत लिहिलेले असतात. तिथं बारपाशी उभं राहून घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली कॉफी यांच्या किमतीही वेगळ्या. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चौकातल्या जुन्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचा आकार वेगळा. ‘लुटलं!’ म्हणून ओरडण्याआधी मेनू उलटून पाहायला हवा होता. जर्मनीत पैसे देतानाच वरची पूर्ण रक्कम सांगायची: बिल २७ युरो असेल तर ‘तीस’ म्हणायचं, काम झालं.

ब्रिटनमध्ये बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते ऐच्छिक असतं, काढून टाका म्हटलं तर काढतात. पण काढायला सांगण्याआधी एवढं लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं कायदाच झाला आहे, की टिप आणि सेवाशुल्काचे सगळे पैसे कामगारांनाच मिळाले पाहिजेत, मालकाला त्यातला पेनीही ठेवता येत नाही. पूर्वी ‘हे पैसे त्या बिचाऱ्याला मिळतात की मालकाला?’ ही शंका रास्त होती. आता ती सबब उरली नाही.

आपल्याकडच्या एका नियमामुळे आपला आणखी गोंधळ होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात घालू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. ग्राहक म्हणून हा आपला हक्क आहे आणि तो इथं जरूर बजावा. पण सिंगापूरमध्ये १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर लागतो, तेव्हा दिल्लीचा निकाल मॅनेजरला ऐकवू नका. तिथं ते शुल्क दिलं की विषय संपला, वर टिप द्यायची अपेक्षा नाही. बँकॉक आणि बालीच्या मोठ्या हॉटेलांतही मेनूवर किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं दिसली, की सेवाशुल्क आणि कर वेगळे समजायचे. बँकॉकमध्ये तासभर पाय चेपून देणाऱ्या बाईला मात्र ५० ते १०० बाथ हातात द्या. तिची कमाई त्यावर असते.

ग्रुप टूरवाल्यांसाठी दोन शब्द. युरोपातला बसचालक दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवू शकतो, साडेचार तासांनंतर त्याला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. तुम्ही चॉकलेटच्या दुकानात लावलेली ‘फक्त दहा मिनिटं’ त्याच्या कामाच्या तासांतून जातात. वेळेवर बसमध्ये बसणं ही त्याला दिलेली पहिली टिप. पैशांची टिप टूरच्या खर्चात धरलेली आहे का, हे निघण्याआधी कंपनीला लेखी विचारा. धरली असेल तर निर्धास्त राहा. नसेल तर रोजचे युरो बाजूला काढत चला, शेवटच्या दिवशी विमानतळावर खिसे चाचपू नका. आणि मसाई मारात सिंह जवळून दिसावा म्हणून वाट सोडून गाडी घालायला ड्रायव्हरला टिपचं आमिष दाखवू नका. फोटो तुमचा निघतो, कारवाई त्याच्यावर होते.

प्राग, बुडापेस्ट, बर्लिनमध्ये ‘फुकट’ पायी सफरी असतात. दोन-अडीच तास एक तरुण मुलगी गल्लीबोळांतून इतिहास सांगत फिरवते. शेवटच्या चौकात ती टोपी पुढं करायच्या बेतात असते आणि आपल्यातली दोन कुटुंबं अलगद मागच्या गल्लीत वळतात. बऱ्याच ठिकाणी त्या मुलीला पगार नसतोच, उलट आलेल्या प्रत्येक पर्यटकामागे सफरीच्या आयोजकाला तिलाच काही युरो द्यावे लागतात. सगळं ऐकून पळालात तर तिचा तोटा करून पळालात. सफर आवडली नाही तर पहिल्या पंधरा मिनिटांत निरोप घ्या, त्यात काही वावगं नाही. शेवटपर्यंत चाललात तर माणशी दहा युरो द्या.

आता घासाघीस. इथं आपण तयार माणसं आहोत, तुळशीबागेत आणि फॅशन स्ट्रीटवर शिकलेलो. इस्तंबूलच्या कापालीचार्शीत, कैरोच्या खान अल-खलीलीत, हो ची मिन्ह शहराच्या बेन थान बाजारात घासाघीस करायचीच असते. तिथं पहिली किंमत ही बोलण्याची सुरुवात असते आणि विक्रेताही तुमच्या उत्तराची वाट पाहत असतो. ‘अर्ध्यावर या’, ‘एक तृतीयांश सांगा’ असली ठोक गणितं घेऊन जाऊ नका. तीन दुकानांत भाव विचारा, चौथ्यात बोला. चहा आला तर प्या, त्यानं विकत घ्यायचं बंधन येत नाही. सौदा हसत करा, आवाज चढवू नका, मालाला नावं ठेवू नका. आणि सर्वांत मोठा नियम: तुम्ही सांगितलेल्या किमतीला त्यानं ‘दिलं’ म्हटलं, की घ्यायचं. तोंडून आकडा काढायचा आणि तो कबूल झाल्यावर ‘बघू, नंतर येतो’ म्हणायचं, ही बेइमानी आहे. इस्तंबूलमध्येही आणि लक्ष्मी रोडवरही.

सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको, भवानीची नोट कपाळाला लावणारे दुकानदार आपण रोज पाहतो. बालीत आणि थायलंडमध्ये पहिली विक्री झाली की विक्रेत्या बायका ती नोट बाकीच्या मालावरून फिरवतात. व्हिएतनाममध्येही पहिल्या गिऱ्हाइकावरून दिवस कसा जाईल ते ठरतं, असं मानतात. तेव्हा खरंच घ्यायचं असेल तर सकाळी लवकर जा, चांगला भाव मिळेल. नुसतं हाताळून चिवचिवाट करायचा असेल तर दुपारी जा.

दुबईच्या सोनेबाजारातही नीट बघा. सोन्याचा दर रोज जाहीर होतो, त्यावर बोलण्यात अर्थ नाही. बोलायचं ते घडणावळीवर. तिच्यात दुकानदाराचा नफा मिसळलेला असतो आणि कारागिराचे पैसे आधीच चुकते झालेले असतात, म्हणून तिथं खुशाल ताणून धरा.

ताणायचं कुठं नाही, ते ऐका. व्हिएतनाममधल्या होई आनच्या गोल टोपली होडीची वल्ही मारणारी आजी, नेपाळात तुमची बॅग पाठीवर घेऊन चढणारा हमाल, सायक्लो, म्हणजे तिथली सायकलरिक्षा, चालवणारा म्हातारा. इथं पैसे वस्तूचे नसतात, अंगमेहनतीचे असतात. काम सुरू होण्याआधी एकदाच, स्पष्ट, सगळ्यासकट ठरवा: माणशी की होडीचे, जायचे की जाऊन-येऊन. गिझाच्या पिरॅमिडपाशी उंटावर बसण्याआधी उतरण्याचे पैसेही त्यातच आहेत, हे वदवून घ्या. ठरवताना नको वाटलं तर नको म्हणा. पण काम झाल्यावर दोन नोटा मागे ठेवणं आणि त्याची फुशारकी रात्री ग्रुपवर मारणं, हे मला शरमेचं वाटतं. व्हिएतनामच्या दहा हजार डोंगांचे जेमतेम तीस-पस्तीस रुपये होतात. नोटेवरची शून्यं पाहून आपण भांडत असतो आणि वाचवतो ते एका वडापावाचे पैसे.

‘पण ते परदेशी म्हणून जास्त लावतात!’ हा आपला मोठा राग. वेरूळची लेणी बघायला भारतीयाला तिकीट ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६०० रुपये. बँकॉकचा राजवाडा थाई माणसाला फुकट, परदेशी माणसाला ५०० बाथ. अंकोर वाट कंबोडियाच्या माणसाला फुकट, बाहेरच्याला एका दिवसाचे ३७ डॉलर. घरच्याला कमी आणि पाहुण्याला जास्त, हे आपलं सरकारही उघडपणे करतं, आणि आपल्याला ते योग्य वाटतं. मग थोडं जास्त लावणाऱ्या फळवालीला चोर का ठरवायचं? भाव जास्त वाटला तर पुढच्या गाडीवर जा.

आणि शेवटचं. हे सगळं ऐकून झाल्यावर एक वाक्य हमखास येतं: ‘आपण परत थोडेच येणार आहोत इथं?’ तुम्ही नाही, पण पुढच्या आठवड्यात सांगलीचं एक कुटुंब येणार आहे, महिन्यानं नाशिकचं. त्यांना बघून वेटर कोपऱ्यातलं टेबल दाखवतो, गाइड नाराजीनं नावं वाचतो, टॅक्सीवाला मान फिरवतो, तेव्हा ते मागच्यांनी करून ठेवलेलं भोगत असतात. स्वतःच्या पैशानं, हौसेनं आलेल्या माणसांना दारातच ही वागणूक मिळू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

म्हणून सहलीचा खर्च मांडाल तेव्हा विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा यांच्याखाली आणखी एक ओळ लिहा: टिप. देशाप्रमाणे रक्कम घाला, जपानपुढं शून्य लिहा, अमेरिकेपुढं जेवणाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा. उतरल्यावर पहिल्याच दिवशी सुट्ट्या नोटा करून घ्या. बेरीज अंगावर आली तर एखादी राइड कमी करा, एखादं जेवण काउंटरवर उरका, सहल एक दिवसानं आखूड करा. ती ओळ मात्र खोडू नका.